रेग्युलर म्हणजे किती?

गेल्या महिन्यात मी माझी गाडी विकायला काढली. ॲन आर्बरमधलं माझं पोस्टडॉकचं कंत्राट संपत आलंय. पुढची नोकरी जिथे आहे तिथे बस आणि ट्रेन दोन्ही आहेत, त्यामुळे 2008 सालची ही म्हातारी तिकडे ओढत नेण्यात अर्थ नाही. इथल्या मराठी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले आणि दहा मिनिटांत नाशिकच्या एका मुलीचा मेसेज आला. पीएचडीचं पहिलं वर्ष नुकतंच संपलेलं, भाडं कमी म्हणून इप्सिलँटीत राहते, रात्री लॅबमधून निघायला उशीर झाला की बसची पंचाईत होते. तिचे प्रश्न मुद्देसूद होते. मैल किती झाले, अपघात झालाय का, टायर कधीचे. आणि शेवटचा: “ताई, सर्विसिंग किती वेळा करत होतात?”

मी टाइप केलं, “रेग्युलर.” पाठवायच्या बटणावर बोट नेलं आणि तिथेच थांबले.

तसं ते खोटं नव्हतं. गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकची एक फाइल आहे. तिच्यात चार वर्षांच्या पावत्या तारखेवार लावलेल्या आहेत. ऑइल चेंज एकदाही चुकलेला नाही. पीएचडीच्या काळात प्रबंधाची प्रकरणं वेळेवर दिली नसतील, पण गाडीचं ऑइल वेळेवर बदललं. तरीही तो एक शब्द पाठवताना मला जे वाटलं, ते गृहपाठाची वही बाईंपुढे उघडताना नेमकं नको ते पान उघडू नये असं वाटायचं, तसं काहीसं होतं.

तुम्ही काय लिहिलं असतंत? आत्ता, हे वाचता वाचता, कुणी तुम्हाला विचारलं की तुमच्या गाडीचं सर्विसिंग तुम्ही किती वेळा करता, तर बहुधा तुम्ही एक आकडा सांगाल. तो आकडा तुमच्याकडे कुठून आला, हे विचारलं तर?

माझा आकडा मला पुढच्या काचेवरून मिळाला. अमेरिकेत राहणाऱ्यांना सांगायला नको: ऑइल चेंज झाला की काचेच्या डाव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला एक छोटा पारदर्शक स्टिकर लागतो, पुढची तारीख आणि पुढचे मैल लिहिलेला. तीन महिने किंवा तीन हजार मैल हा जुना मंत्र आजही काही ठिकाणी त्यावर असतो. ज्या काळात इंजिनं आणि ऑइल दोन्ही कमअस्सल होती, त्या काळातला तो आकडा आहे. आजच्या सिंथेटिक ऑइलवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पाच ते दहा हजार मैल सापडतात, युरोपात त्याहूनही जास्त. ज्याला दर तीन महिन्यांनी तुम्ही दुकानात यायला हवे आहात, त्यानेच तो स्टिकर चिकटवलेला असतो, हे लक्षात यायला मला दीड वर्ष लागलं. मग मी मॅन्युअल उघडलं आणि फुशारकीने पाच हजारांवर आले.

पण मॅन्युअलमध्ये आणखी एक गोष्ट असते, जी वाचून बहुतेक जण पान उलटतात. वेळापत्रकं दोन असतात. एक सामान्य वापरासाठी आणि एक कठीण वापरासाठी. कठीण वापर म्हटलं की आपल्याला वाळवंटातली जीप दिसते. प्रत्यक्षात यादीत काय असतं? कडाक्याच्या थंडीत पाच-सात मैलांच्या छोट्या फेऱ्या. इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभं राहणं. धूळ. उष्णता. मागे काही ओढत नेणं. छोट्या फेरीत ऑइल पुरेसं तापत नाही, त्यामुळे त्यात उतरलेलं पाणी आणि इंधन उडून जात नाही, आणि ऑइल लवकर खराब होतं. म्हणजे जानेवारीत मिशिगनमध्ये घर ते लॅब जाणारी मी ‘कठीण’. दुबईत मुलांना शाळेत सोडताना एसी चालू ठेवून रांगेत उभे असलेले तुम्हीही ‘कठीण’. आपण सगळे स्वतःला सामान्य समजतो, आणि जगातल्या बऱ्याच हिशोबांत तिथेच पहिली चूक होते.

गाड्या बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. जनरल मोटर्समध्ये शर्ली श्वार्ट्झ नावाच्या रसायनशास्त्रज्ञ बाई होत्या. ऑइल केव्हा बदलायचं हे गाडीनेच सांगावं, या पद्धतीमागे त्यांचं मोठं काम आहे. गंमत म्हणजे ती पद्धत ऑइलला स्पर्शही करत नाही. इंजिनाचे फेरे आणि तापमान यांचा हिशोब ठेवते आणि त्यावरून ऑइलचं उरलेलं आयुष्य काढते. म्हणजे तुमच्या वापराप्रमाणे तुमचा आकडा. काचेवरच्या स्टिकरपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे. माझ्या गाडीत ते नव्हतं. असतं तरी पुढे घडलं ते टळलं नसतं.

2024 च्या फेब्रुवारीत, एका शनिवारी, किराणा दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये मी शिरत होते. समोरून एक बाप ट्रॉली ढकलत रस्ता ओलांडत होता, ट्रॉलीत पुढच्या सीटवर पाय लोंबकळवत बसलेलं दोनेक वर्षांचं पोर. मी ब्रेक दाबला आणि पाय नेहमीच्या जागी न थांबता खाली, खाली, अगदी तळाशी गेला. गाडी थांबली. पण जिथे थांबायला हवी होती तिथे नाही, त्याच्या पुढे एक गाडीभर. सुदैवाने मी पायी चालण्याच्या वेगात होते, आणि आजच्या गाड्यांत ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटं असतात, एक गेलं तरी दुसरं थोडंफार धरतं. त्या माणसाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हात उंचावून ‘थँक यू’ म्हणाला. त्याला वाटलं, मी त्याच्यासाठी थांबले.

मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेक लाइन गंजून फुटली होती. ब्रेक लाइन म्हणजे पोलादाची बारीक नळी, साधारण पेन्सिलीपेक्षाही बारीक, गाडीच्या पोटाखालून पुढून मागे जाते. तिच्यातून ब्रेक ऑइलचा दाब चाकापर्यंत पोचतो. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर गाडीखाली उडतं, कोपऱ्याकोपऱ्यांत बसतं आणि नळीला खात राहतं. मेकॅनिकने तुकडा कापून माझ्या हातावर ठेवला. मी म्हटलं, “पण मी ऑइल चेंज अगदी रेग्युलर केलेत हो.” म्हणजे इंग्रजीत म्हटलं, पण सूर हाच होता. तो काही बोलला नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. पायाला जखम झालेल्या माणसाने ‘मी केस वेळच्या वेळी कापतो’ म्हणावं, तसं ते होतं.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. माझी पीएचडी धातूंमधल्या भेगांवर आहे. धातू हळूहळू कसा थकतो, भेग कुठून सुरू होते आणि किती काळाने तुटते, यावर मी पगार घेते.

या घटनेनंतर माझी पहिली प्रतिक्रिया होती, अजून जास्त सर्विसिंग करायची. घाबरलेल्या माणसाची हीच प्रतिक्रिया असते. पण जास्त म्हणजे चांगलं, हेही खरं नाही, आणि हे कळायला जगाला एक युद्ध लागलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांच्या देखभालीचा अभ्यास वॉडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाच्या गटाने केला. वॉडिंग्टन मुळात जीवशास्त्रज्ञ, गर्भाच्या वाढीवर काम करणारा. ठरावीक तासांनी होणाऱ्या तपासणीनंतर विमानात बिघाड कमी व्हायला हवेत ना? त्यांना उलटं दिसलं. बिघाड तपासणीनंतर लगेचच वाढत आणि मग हळूहळू कमी होत जात. चांगलं चाललेलं उघडून पुन्हा बसवण्यातच काही बिघडत होतं. पुढे 1978 साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. त्यात विमानातल्या भागांपैकी जेमतेम 11 टक्के भाग असे निघाले, ज्यांना वय ठरवून बदलण्याचा काही फायदा होता. बाकीच्यांचं बिघडणं वयाशी तसं बांधलेलं नव्हतं. उलट बरेच भाग नवे असतानाच जास्त बिघडत.

विमान म्हणजे गाडी नव्हे, हे मला मान्य. ऑइल खरोखरच वयाने खराब होतं, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं म्हणून दोन-तीन वर्षांनी बदलावं लागतं, टायमिंग बेल्ट सांगितलेल्या मैलांना बदलला नाही तर काही इंजिनांचा चुरा होतो. ते आकडे पाळायचेच. पण ‘किती वेळा’ हा प्रश्न अख्ख्या गाडीला एकदाच विचारता येत नाही, एवढं यातून कळतं.

मग कसा विचारायचा? त्याच 1978 मध्ये अमेरिकेच्या विमान नियमांत एक विचार शिरला, ज्यावर माझं पोट चालतं. विमानाच्या सांगाड्यात भेग असणारच असं धरून चाला. ती नाही, असं मानू नका. मग प्रश्न उरतो तो असा: भेग दिसण्याइतकी मोठी झाल्यापासून ती धोकादायक होईपर्यंत किती काळ जातो? तपासणी त्या काळाच्या आत, आणि शक्यतो एकाहून जास्त वेळा पडली पाहिजे, म्हणजे एकदा नजरेतून सुटली तरी पुढच्या खेपेला सापडेल. म्हणजे आकडा कॅलेंडरमधून येत नाही, दुकानदाराकडून येत नाही, माझ्या काळजीच्या प्रमाणातूनही येत नाही. दिसणं आणि तुटणं यांच्यामधल्या अंतरातून येतो. नळीवरचा गंज फुटण्याआधी कित्येक महिने, बऱ्याचदा एखाद-दोन हिवाळे, उघड्या डोळ्यांनी दिसतो. दर वसंतात कुणीतरी गाडीखाली डोकं घालून पाहिलं असतं तर पुरलं असतं. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याचा मीठवाल्या राज्यांतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना सल्लाही असाच आहे: हिवाळा संपला की गाडीचं पोट धुवा आणि ब्रेक लाइन तपासून घ्या.

हे लिहिताना मला बाबांची चेतक आठवते. कुणालाही आठवेल, कारण त्या पिढीत प्रत्येकाकडे बजाज चेतकच होती आणि प्रत्येकाचे बाबा ती सकाळी आडवी करूनच स्टार्ट करायचे. बाबांना सर्विसिंगचा आकडा माहीत नव्हता. दसऱ्याला धुऊन झेंडूचा हार घालायचे, प्लगला काजळी धरली की पॉलिश पेपरने घासायचे, बाकी गाडी रुसेल तेव्हा गॅरेजवाले काका. क्लचची केबल त्यांनी तुटण्याआधी कधीही बदलली नाही. डिकीत एक जादा केबल ठेवलेली असायची, तुटली की बघू. पण ब्रेकच्या केबलची टोकाकडची एक जरी तार उसवलेली दिसली, तरी त्याच संध्याकाळी नवी पडायची. अहवाल त्यांनी वाचलेला नव्हता. क्लचची केबल तुटली की गाडी ढकलत घरी यावं लागतं, ब्रेकच्या केबलचं तसं नाही, इतकंच त्यांना माहीत होतं. आता उगाच जुनं ते सोनं म्हणायला नको. हेल्मेट त्यांनी आयुष्यात घातलं नाही आणि आम्हा चौघांना त्या एका स्कूटरवर बसवलं.

बाबांच्या या भेदभावात मला आज खरा नैतिक प्रश्न दिसतो. ऑइल बदललं नाही तर इंजिन जाईल, आणि इंजिन माझं आहे. किती वेळा बदलायचं हा माझ्या खिशाचा आणि माझ्या मूर्खपणाचा प्रश्न. त्यात तुम्ही मला सल्ला देऊ शकता, जाब विचारू शकत नाही. ब्रेक, टायर, स्टिअरिंग, दिवे यांचं तसं नाही. तिथे मी जो धोका पत्करते, तो ट्रॉलीतल्या पोराच्या वाट्याचाही असतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. गमतीचा भाग असा की ज्या गोष्टी फक्त माझ्या आहेत, त्यांच्यासाठी स्टिकर आहे, आठवणीचे मेसेज आहेत, कूपन आहेत. ज्या दुसऱ्यांच्या आहेत, त्यांच्यासाठी निदान माझ्या राज्यात काहीच नाही. मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची नियमित तपासणी सक्तीची नाही. ब्रिटनमधल्या वाचकांना हे विचित्र वाटेल. त्यांच्याकडे गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी एमओटी, आणि त्यात गंजलेले ब्रेक पाइप बघतातच. टेक्ससने तर होती ती सुरक्षा तपासणीही 2025 पासून खासगी गाड्यांना माफ केली. पैसे वाचले म्हणून लोक खूश झाले असतील. मीही झाले असते.

नियम नसला की माणूस स्वतःची रेघ स्वतः ओढतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये जहाजं इतकी लादत की ती बुडायची, आणि विमा असल्याने मालकांचं फारसं बिघडत नसे. सॅम्युअल प्लिमसॉल या खासदाराने रान उठवलं आणि 1876 मध्ये कायदा झाला: जहाजाच्या बाजूवर रेघ मारा, पाणी तिच्या वर जाता कामा नये. मात्र रेघ कुठे मारायची, हे मालकावर सोडलं होतं! ती जागा ठरवणं सरकारच्या हाती जायला 1890 उजाडलं. माझ्या फाइलमधल्या सगळ्या पावत्या म्हणजे मी मला परवडेल अशा उंचीवर मारलेली रेघ होती.

पुढच्याच वर्षी, 1877 मध्ये, विल्यम क्लिफर्ड या गणितज्ञाने एक निबंध लिहिला, श्रद्धा ठेवण्याच्या नीतीबद्दल. तो एका जहाजमालकाच्या गोष्टीने सुरू होतो. जहाज जुनं आहे, डागडुजी वारंवार लागते, ते सुरक्षित नसेल अशी शंका कुणीतरी मालकाच्या कानावर घातलीय. तपासणी आणि दुरुस्तीला खर्च येईल. मालक स्वतःची समजूत घालतो: इतक्या फेऱ्या झाल्या, हीही होईल; देव आहे; आणि जहाज बांधणाऱ्यांच्या, कंत्राटदारांच्या प्रामाणिकपणावर संशय घेणं बरं नव्हे. हळूहळू त्याला मनापासून खात्री वाटू लागते. जहाज बुडतं. क्लिफर्ड विचारतो, तो दोषी आहे ना? आणि मग खरा घाव घालतो: समजा जहाज बुडालं नाही, तर? तर दोष तितकाच. फक्त उघडकीला आला नाही इतकंच.

हे मी वाचलं होतं, वर्गात त्यावर वादही घातला होता. मला तेव्हा तो मालक सरळसरळ लबाड वाटला होता. माझ्यासारखा अजिबात नाही.

आता त्या फाइलकडे येते. ‘रेग्युलर’ लिहून थांबले, तेव्हा निदान पावत्यांचे फोटो तरी पाठवू म्हणून मी फाइल उघडली. 2023 च्या नोव्हेंबरची पावती, म्हणजे ब्रेक जाण्याच्या तीन महिने आधीची. ऑइल चेंजच्या खाली सुचवलेल्या कामांची यादी: इंजिन फ्लश, इंजेक्टर सफाई, केबिन फिल्टर, वायपर, अमुक, तमुक, मिळून नऊशे डॉलरच्या वर. आणि सगळ्यात शेवटी, रक्कम न लिहिलेली एक ओळ: मागच्या ब्रेक लाइनवर गंज, लक्ष ठेवा. त्या ओळीपुढे निळ्या शाईत एक प्रश्नचिन्ह होतं. शाई माझ्या पेनाची, अक्षर माझं.

मला आता तो दिवस आठवतो. त्याच आठवड्यात मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. फराळाच्या टेबलाशी ही पावती मी किस्सा म्हणून सांगितली होती, बघा कसे लुटतात. सगळे हसले. एक काका म्हणाले, “अगं, बाई दिसली की यादी लांबवतात, लक्षच द्यायचं नाही.” प्रत्येकाकडे असा एक किस्सा होता. आपण परदेशात आल्यावर एक गोष्ट फार जपतो: आपल्याला कुणी बनवू शकलं नाही पाहिजे. डीलरने नाही, फोन कंपनीने नाही, मेकॅनिकने तर नाहीच. फसवलं न जाणं हा आपला मोठाच पराक्रम असतो.

आणि संशय बिनबुडाचा नसतो, हीच तर अडचण आहे. अर्थशास्त्रज्ञ डार्बी आणि कार्नी यांनी 1973 मध्ये अशा सेवांचा एक वेगळाच प्रकार सांगितला, ज्यांची गरज होती की नव्हती, हे विकत घेऊन झाल्यावरही गिऱ्हाइकाला कळत नाही. आंबा खाल्ल्यावर गोड की आंबट कळतं. इंजिन फ्लश केल्यावर ते करायला हवं होतं का, हे कधीच कळत नाही. तिथे फक्त सांगणाऱ्यावर विश्वास असतो किंवा नसतो. बाबांचे गॅरेजवाले काका गल्लीतलेच होते, खोटं बोलले असते तर संध्याकाळी भाजी घेताना भेटले असते. माझा मेकॅनिक मला पुन्हा भेटेलच असं नाही, आणि मी त्याला. सात फालतू ओळींखाली आठवी खरी ओळ त्याने लिहिली, हा त्याच्या दुकानाचा दोष आहे, मी तो माफ करत नाही. पण सात खोट्या आहेत म्हणून आठवीही खोटी, हे अनुमान माझं होतं. ते मला सोयीचं होतं, कारण त्या महिन्यात भारताचं तिकीट काढलं होतं आणि खात्यात फार काही उरलं नव्हतं. क्लिफर्डच्या मालकाने कंत्राटदारांवरचा संशय झटकून सुटका करून घेतली होती, मी मेकॅनिकवर संशय घेऊन. गाडीखाली वाकून पाहायला पैसे लागत नव्हते. फोनचा टॉर्च पुरला असता. मी प्रश्नचिन्ह काढलं आणि पावती तारखेवार फाइलला लावली.

तुम्ही म्हणाल, परवडत नसेल तर माणसाने करावं काय? हा आक्षेप मी हलका मानत नाही. ब्रेक लाइन बदलायला मला 640 डॉलर पडले आणि त्या महिन्यात ते जड गेले. क्लिफर्डचा मालक श्रीमंत होता, त्याला नीती शिकवणं सोपं आहे. ज्याला गाडीशिवाय कामावर जाता येत नाही आणि दुरुस्तीचे पैसे काम केल्याशिवाय मिळत नाहीत, त्याला मी काय सांगणार? त्याने चार आठवडे हळू, मोकळ्या रस्त्याने गाडी चालवली तर मी त्याला त्या मालकाच्या पंक्तीत बसवणार नाही. तो गंज बघून चालवतो. त्याला माहीत असतं की आपण धोका देतोय, म्हणून तो वेग कमी ठेवतो, अंतर जास्त सोडतो, पैसे जमले की आधी तेच करतो. माझं तसं नव्हतं. मला पैशांची अडचण होती, हे खरं. पण ती मी स्वतःपाशीही कबूल केली नाही. मी फाइल नीट ठेवली आणि नेहमीच्याच वेगाने चालवत राहिले.

त्या मुलीला मी शेवटी काय पाठवलं? ‘रेग्युलर’ खोडलं. सगळ्या पावत्यांचे फोटो पाठवले, नोव्हेंबरची पावतीही, प्रश्नचिन्हासकट. खाली लिहिलं, “ऑइल वेळेवर बदललंय. ब्रेक लाइनबद्दल मला आधी सांगितलं होतं, मी दुर्लक्ष केलं, मग ती फुटली, मग बदलली. घेण्याआधी तुझ्या माहितीच्या मेकॅनिककडे उचलून बघू. त्याचे पैसे मी देईन.” बराच वेळ दोन निळ्या टिकांपुढे काही आलं नाही. मला वाटलं, गेली. रात्री उत्तर आलं, “चालेल ताई. शनिवारी?”

शनिवारी गाडी लिफ्टवर चढवली. ती मुलगी चवड्यांवर उभी राहून फोनचा टॉर्च धरून होती. मी चार वर्षांत प्रथमच माझ्या गाडीचं पोट पाहत होते. मागची नळी नवी, हिरवट लेपाची, चकचकीत. मेकॅनिकने बोट तिथून पुढे पुढे नेलं, जोडापर्यंत. जोडाच्या पुढची, पुढच्या उजव्या चाकाकडे जाणारी नळी जुनीच होती. फेब्रुवारीत फुटली तेवढीच बदलून घेतली होती. पुढचीचं काय, हे मी विचारलं नव्हतं. त्याने नखाने खरवडलं. तपकिरी पापुद्रा सुटून तिच्या बाहीवर पडला.

“ही किती दिवस टिकेल?” तिने मला मराठीत विचारलं.

धातूंवर पीएचडी असलेल्या बाईला हा प्रश्न होता. मी टॉर्च तिच्या हातातून घेतला आणि वाकून पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग ती नळी बदलायला किती लागतील, ते मेकॅनिकला विचारलं आणि तेवढे किमतीतून वजा केले.